लाल सरबत, काळी चिठ्ठी

पेत मला पहिल्यांदा भेटला तेव्हा माझ्या तोंडात टूथपेस्टचा फेस होता आणि डोक्यात संताप.

रविवारची सकाळ होती. आठवडाभर शिकवणीतल्या पोरांना गणित शिकवून माझा घसा बसला होता. आज उन्हं डोक्यावर येईपर्यंत लोळायचं, असा माझा बेत होता. तेवढ्यात खिडकीखाली भोंगा गरजला —

"वांग नोकच्या आजी-आजोबांनो, मावशी-काकांनो, रात्रीची न उतरलेल्या दादांनो! निवडणुकीत विसरू नका... आपला माणूस, आपलं घर, आपली पाच नंबरची खूण!"

मागून ढोलकीवर गाणं. मी ब्रश तोंडात तसाच ठेवून, गुडघ्यापर्यंतच्या झोपायच्या चड्डीत रस्त्यावर आले. निळ्या पिकअपवर चार कर्णे, त्यांच्याखाली पाच नंबरच्या उमेदवाराचं भलंमोठं हसू, आणि आत माइक धरून बसलेला एक सडपातळ पोरगा. तो मला बघून थांबला नाही. उलट आवाज चढवला.

"फेसवाल्या ताईंना नम्र विनंती... आधी चूळ भरावी, मग मत द्यावं!"

आख्खी गल्ली हसली. समोरच्या भातवाल्या बाईच्या हातातून पळी पडली.

मी चूळ भरून आले आणि तिथंच त्याला धारेवर धरलं. पाच नंबर म्हणजे बड्या घराण्याचा माणूस. आजोबा, बाप, काका, सगळ्यांनी आळीपाळीने खुर्ची ऊबदार ठेवलेली. "लाज नाही वाटत?" मी म्हणाले. "तरुण माणूस तुम्ही, आणि त्या घराण्याची ढोलकी बडवता?"

"दुपारपर्यंतच बडवतो," तो शांतपणे म्हणाला. "दुपारनंतर दोन नंबरची बडवतो."

दोन नंबर म्हणजे आमचा. नारिंगी शर्टवाल्यांचा. मी बँकॉकहून इथं मावसबहिणीच्या शिकवणीत नोकरीला आले त्याच आठवड्यात स्वयंसेवक म्हणून नाव दिलं होतं.

"दोघांची? तुम्हाला तत्त्व म्हणून काही आहे की नाही?"

"आहे की. लोकशाहीत सगळ्यांना आवाज असतो, बाई." त्याने स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं. "आमच्या तालुक्यात तो हा."

मग त्याची नजर माझ्या स्कूटरवर गेली. आरशाला एक पिवळं रबरी बदक लटकत होतं. कॉलेजात असताना मोर्चात पाण्याच्या फवाऱ्यापुढे आम्ही असली बदकं घेऊन उभे राहिलो होतो, तेव्हापासून ते माझ्याबरोबर आहे.

"अरे वा," तो म्हणाला, "ओळख व्हायच्या आधीच माझी मूर्ती लटकवून फिरताय?"

"म्हणजे?"

"माझं नाव पेत. बदक." आणि डोळा मारून गेला. खरंच मारला... की डोळ्यात ऊन गेलं होतं, देव जाणे. माझ्या आईने मला खिंग हे नाव ठेवलं, म्हणजे आलं. पोटात होते तेव्हा तिला दुसरं काही पचत नव्हतं म्हणे. पण त्या सकाळी आल्यासारखा ठसका मला स्वतःलाच लागला, एवढं खरं.

दुपारी आमच्या गटाने मलाच त्याच्या गाडीत बसवलं. जाहीरनामा कोणीतरी नीट वाचायला हवा, पेत वाचताना मध्येच विनोद करतो, अशी तक्रार होती. मी वाचायची, तो चालवायचा. मी "सक्तीची सैन्यभरती बंद करू!" असं म्हटलं की तो हॉर्न वाजवायचा. दर वेळी. फक्त त्याच ओळीला.

"एवढं पटतं तुम्हाला हे?" मी विचारलं.

"पटतं. फक्त एक शंका आहे." गिअर बदलता बदलता तो म्हणाला. "एप्रिलच्या आत होईल का?"

"का?"

"एप्रिलमध्ये माझी चिठ्ठी आहे."

तेव्हा मला कळलं. पठ्ठ्याने शाळा संपल्यावर तंत्रशाळेत नाव घातलं होतं आणि शिकतोय म्हणून दर वर्षी भरती पुढं ढकलत आला होता. शेवटी तंत्रशाळेनेच त्याला काढून टाकलं. आता पळवाट नव्हती. पेटीत हात घालायचा... काळी चिठ्ठी आली तर घरी, लाल आली तर दोन वर्षं फौजेत. घरी विधवा आई. ती बाजारात माशाची कढी आणि तांदळाच्या शेवया विकते.

"आपणहून गेलात तर?" मी विचारलं. हे मला माहीत होतं, तरी विचारलं.

"आपणहून गेलो तर एकच वर्ष. पण ते नक्की. चिठ्ठी काढली तर दोन, नाहीतर काहीच नाही." तो हसला. "सांगा बाई, तुमचं गणित काय म्हणतं?"

"लाल चिठ्ठी साधारण चारात एकाला येते. काढावी."

"झालं तर मग. काढतो."

एवढ्या सहज. जणू मी त्याला बाजारातून वांगी घे, मिरच्या नको, असं सांगितलं होतं.

निवडणुकीत आम्ही आपटलो. पाच नंबरची खुर्ची पाच नंबरकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेत मला त्याच्या आईच्या हातगाडीवर घेऊन गेला, दुखवट्याच्या शेवया खाऊ घालायला. मी घास तोंडात घातला आणि सहा वाजले. बाजारातल्या खांबावरच्या कर्ण्यातून रोजच्यासारखं राष्ट्रगीत सुरू झालं. सगळा बाजार जागच्या जागी उभा. कोंबडी तोलणारा हातात कोंबडी घेऊन उभा, केस कापून घेणारा अर्ध्या डोक्याने उभा. मीही उभी... गालावर शेवईचा तुकडा चिकटलेला. पुसता येईना, कारण हलायचं नाही. पेत समोर ताठ उभा होता, चेहरा गंभीर, आणि नजर? नजर सरळ माझ्या गालावर. गाणं संपेपर्यंत तो बघत राहिला. आणि मी सांगते, त्या शेवईखाली माझा गाल तापून लाल झाला होता.

गाणं संपलं. मी हात उचलला.

"राहू दे," तो हळूच म्हणाला. "शोभतंय."

"गप्प बसा."

"बसतो. बघायला तोंड लागत नाही."

त्यानंतर आम्ही रोज भेटू लागलो. कधी तो कुत्र्यांच्या लसीकरणाची दवंडी देत माझ्या शिकवणीवरून जायचा आणि विनाकारण दोनदा जायचा. कधी मी "मयताची दवंडी देताना आवाजात एवढा नखरा कशाला" म्हणून त्याला सुनवायची. मनातलं मात्र कोणी बोलेना. तो जगभराचं बोलायचा, तेवढं सोडून. आणि मी बँकॉकची, शिकलेली, मोर्चात पोलिसांपुढे उभी राहिलेली मुलगी... मला साधं 'आवडतोस' म्हणता येईना. एप्रिल मात्र कोणासाठी थांबत नव्हता. चारात एक, चारात एक, असं मी स्वतःला सांगायची आणि फळ्यावर पोरांची बेरीज चुकवायची.

शेवटी मी ते केलं ज्याला मी आयुष्यभर हसत आले. नवस बोलायला गेले.

नदीच्या वळणावर पू दापांचं ठाणं आहे. गावातले सगळे त्यांना नुसतं आजोबा म्हणतात. मिशीवाली मूर्ती, भोवती लाकडी तलवारी आणि मातीच्या कोंबड्यांची फौज. नवसाला पावणारे म्हणून पंचक्रोशीत नाव. मी भर दुपारी गेले, कोणी ओळखीचं दिसू नये म्हणून. उकडलेली अंडी नेली, हार नेला आणि रिवाजाप्रमाणे लाल सरबताची बाटली, नळी घालून. काळी चिठ्ठी मागायला लाल सरबत! तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

ठाण्याची राखण करणारी बुनमा मावशी खांबाला टेकून पेंगत होती. मी गुडघे टेकले आणि पुटपुटायला लागले. तिने डोळे न उघडताच हुकूम सोडला, "मोठ्यानं बोल. तोफांनी आजोबांचे कान गेलेत. आणि नाव-पत्ता नीट सांग, नाहीतर भलत्याच्याच घरी जाईल ते."

मग काय... मी मोठ्याने बोलले. "आजोबा, मी थन्यरत सुवन्नकित, घरचं नाव खिंग, दवाखान्यामागची गल्ली, हिरवं फाटक. पिसित बुनरोत, तोच तो भोंगेवाला पेत, त्याला काळी चिठ्ठी येऊ दे. आली तर मी इथं येऊन नाचेन. पारंपरिक पोशाखात. मुकुट... मुकुटसुद्धा घालून."

मावशीचे दोन्ही डोळे टक्क उघडले.

"काय मागितलंस?"

"काळी चिठ्ठी."

"अगं बये!" तिने कपाळावर हात मारला. "आजोबा कोण होते ठाऊक आहे का तुला? शिपाई! लढता लढता गेले! आणि त्यांच्याकडे फौजेतून सुटका मागतेस? अगं, त्यांना फौजेत जाणारी पोरं आवडतात. इथं जो सुटका मागतो त्याला लालच येते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं."

"मग फलक लावायचा ना तसा!"

"सगळ्यांना ठाऊक आहे, फलक कशाला? लॉटरीचा आकडा माग, नवरा माग, मूल माग. आजोबा कधी नाही म्हणत नाहीत. तू नेमकं तेच मागितलंस!"

नवरा मागायचा होता, हे तेव्हा सुचलं नाही. सगळा घोटाळाच वाचला असता. मी नवस मागे घेते म्हणाले. मावशीने लाकडी कौल टाकला. आजोबा नाही म्हणाले. पुन्हा टाकला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा कौल घरंगळत जाऊन थेट माझ्या चपलेपाशी पडला. "रागावलेत," मावशी कुजबुजली आणि पदराने सरबताची बाटली पुसू लागली.

वांग नोकमध्ये दवंडीचा भोंगा एकच, पेतचा. पण बुनमा मावशीला भोंगा लागत नाही. दिवेलागणीच्या आत तालुक्यातल्या यच्चयावत स्वयंपाकघरात बातमी पोहोचली. बँकॉकच्या गणितवाल्या बाईने आजोबांना चिडवलंय. एकदा असंच कोणी केलं होतं, त्या वर्षी पेटीतून ओळीने लालच लाल निघाल्या होत्या. आजोबा एकट्या पेतवर थांबायचे नाहीत, यंदा सगळ्यांची पोरं जाणार.

दुसऱ्या दिवशी पेत माझ्या फाटकाशी आला तेव्हा मला जमीन दुभंगावी असं वाटत होतं.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी नाचणार होता?"

"माणुसकी म्हणून."

"मुकुट घालून माणुसकी?"

"निघा तुम्ही इथून!"

तो निघाला नाही. फाटकाच्या गजावर हनुवटी टेकवून उभा राहिला. "मी आजोबांना भीत नाही. इतकी वर्षं त्यांच्या जत्रेची दवंडी मीच देतोय, ते माझ्यावर उलटायचे नाहीत. आणि तुमचं गणित आहे ना... चारात एक."

"आजोबा-बिजोबा काही नसतं," मी ठासून म्हणाले. "पोरकट समजुती आहेत सगळ्या."

"बरोबर."

"मग तुमच्या आई का म्हणतात, आपणहून जा म्हणून?"

पेतची आई साइथोंग मावशी तेच म्हणत होती. सकाळी पळी घेऊनच माझ्या शिकवणीत आली होती. 'एक वर्षाचं मी सोसेन गं पोरी, दोन नाही सोसवायची. तू सांग त्याला, तुझं ऐकतो तो.' आणि मी शहाणीने तिला फळ्यावर चारात एक समजावलं होतं.

पेत गजावर नखाने टकटक करत राहिला. "एक वर्षसुद्धा कुठं जायची इच्छा नाही मला," तो म्हणाला. "गेल्या वर्षी विचारलं असतंत तर गेलोही असतो हसत. आता... नको वाटतं."

"का?"

त्याने तोंड उघडलं. मिटलं. "ऊन फार आहे तिकडं," म्हणाला आणि गेला. एप्रिलमध्ये ऊन कुठं नसतं?

भरतीच्या दिवशी तालुका कचेरीच्या मंडपात जत्रा भरली होती. भाजलेली कोंबडी, बर्फाचं सरबत, हातपंखे. पोरं उघड्या अंगाने, दंडावर नंबर लिहून बसलेली. कोणाच्या गळ्यात ताईत, कोणाच्या खिशात आईच्या नेसूच्या काठाची चिंधी. भिक्षू आले होते. लिपस्टिक लावून, कानात मोठाले डूल घालून नोंगनुत आली होती; जन्माच्या दाखल्यावर मुलगा, म्हणून हजेरी तिलाही चुकली नव्हती. तिला सूट मिळणार हे ठरलेलंच होतं, पण सगळ्यांत जास्त घाम तिलाच फुटला होता, भावासाठी. मी साइथोंग मावशीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. आम्ही एकमेकींचा हात कधी धरला ते कळलं नाही.

कर्नलसाहेबांनी माइकवर विचारलं, "आपणहून कोण येतंय?"

दर वर्षी या प्रश्नावर पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो म्हणे. यंदा? यंदा पोरं उठायलाच लागली. एक उठला, त्याच्यामागे चार, मग रांगच लागली. मागे आया उभ्या, पोराच्या पाठीत बोट खुपसून. "उठ मेल्या! आजोबा दोन वर्षं लावतील, त्यापेक्षा एक बरं!" कर्नलसाहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते खुर्चीतून उठून उभे राहिले. वांग नोकच्या मातीतच देशप्रेम आहे, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. त्या मातीत अंडी आणि सरबत किती सांडलंय ते त्यांना कोण सांगणार?

पेत उठला नाही. मांडी घालून बसला होता, मला मान डोलावून दाखवत. चारात एक.

कारकुनांनी मोजणी केली, पुन्हा केली. साहेबांनी माइक घेतला. "कमाल झाली! जेवढे हवे होते त्यात फक्त एक कमी आहे. म्हणजे पेटीत एकच लाल चिठ्ठी टाकायची, बाकी सगळ्या काळ्या. उरलात ऐंशीजण. किंवा... अजून एकजण आपणहून आला तर पेटी उघडायचीच नाही. उरलेले सगळे घरी!"

हळूहळू बाकीची एकोणऐंशी डोकी पेतकडे वळली. एक लाल चिठ्ठी. ती कोणाची, याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. त्याच्या शेजारचा पोरगा सरकून लांब बसला.

पेत उठला, पँट झटकली, पेटीकडे निघाला. मला ओरडून म्हणाला, "ऐंशीत एक झालं, बाई! तुमचं गणित तर सुधारलंच!"

आणि त्या क्षणी माझ्यातली गणिताची बाई पळून गेली. ऐंशीत एक म्हणजे काहीच नाही. हे मी झोपेतसुद्धा सिद्ध करून दाखवेन. पण मला पेटीच्या तळाशी ती एक लाल चिठ्ठी दिसत होती, आणि तिच्यावर मिशीवाले आजोबा बसलेले दिसत होते.

मी खुर्चीवर चढले. "थांब!"

त्याला मी कधी अरे-तुरे केलं नव्हतं. तो थांबला.

"बाई, बसून घ्या," कर्नलसाहेब म्हणाले. "आपण कोण?"

"मी... मी गणित शिकवते."

"मग तर तुम्हाला कळायला हवं. ऐंशीत एक!"

"कळतं हो मला!" माझा आवाज इतका चढला की मला भोंग्याची गरज नव्हती. "पोरांना फळ्यावर रोज तेच सांगते. पण पेटीत पोरांचा हात नाहीये, याचा आहे! पेत, हात वर कर. आपणहून जा. एक वर्ष मी थांबेन. कुरकुरत थांबेन, रोज भांडण्याचे फोन करेन, पण थांबेन. दोन वर्षं मला नाही जमायची. तुझ्यावर मला जुगार नाही खेळायचा. अरे, आवडतोस तू मला! किती दिवस झाले, सांगता येत नव्हतं!"

साइथोंग मावशी रडायला लागली. नोंगनुत तिच्याआधीच लागली होती. काजळ गालावर आलं तरी पुसायचं भान नव्हतं तिला.

आणि पेत? ज्याचं तोंड मयताच्या बातमीतही बंद होत नाही, तो पुतळ्यासारखा उभा. मग म्हणाला, "पण... तू तर आजोबांना मानत नाहीस."

"मी नाही मानत! पण त्यांनी मला मानलं असलं तर?"

त्याने हात वर केला.

मग जो काही कल्लोळ झाला! बाकीचा प्रत्येक पोरगा नाचत सुटला. कोणी त्याला उचललं, कोणाच्या आईने माझ्या हातात भाजलेली आख्खी कोंबडी कोंबली. कर्नलसाहेब गोंधळून पेतजवळ आले. नियम नियम असतो, विचारायलाच हवं होतं.

"स्वेच्छेने येतोयस ना?"

"होय साहेब. स्वेच्छेने."

"कोणाच्या?"

पेतने माझ्याकडे बोट दाखवलं. साहेब हसले आणि पुढच्या कामाला लागले.

राहिला नवस. काळी चिठ्ठी आली नव्हती, पण लालही आली नव्हती. बुनमा मावशीने निवाडा दिला की आजोबांना त्यांचा शिपाई मिळाला आणि त्यांनी एक वर्ष माफ केलं, तेव्हा अर्धा नवस फेडावा लागेल. मी अर्ध्या गाण्यावर नाचले. मुकुट डोळ्यांवर घसरत होता आणि समोर आख्खा तालुका अंडी सोलत बसला होता. आजोबांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, असं मावशी म्हणते. मला तरी ते हसू दाबताना दिसले.

जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही नदीच्या धक्क्यावर पाण्यात पाय सोडून बसलो होतो. केस बारीक कापून घेतल्यामुळे त्याचे कान फार मोठे दिसत होते. मी ते सांगितलं.

"तुझे फोन ऐकायला लागतील," तो म्हणाला. मग पायाने पाणी ढवळलं. "एक सांगू? हसायचं नाही. त्या दिवशी पेटीकडे जाताना मी ठरवलं होतं... लाल आली तर तुला काही बोलायचंच नाही. दोन वर्षं कोणाला अडकवून ठेवायचं कशाला."

"आणि काळी आली असती तर?"

"तर आज ना उद्या बोलू, म्हणत बसलो असतो." तो ओशाळून हसला. "लोकांचं सगळं बोलता येतं गं मला. माझं स्वतःचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते."

"म्हणजे कुठलीही चिठ्ठी आली असती तरी मी तशीच राहिले असते?"

"तशीच."

मी त्याच्या दंडावर एक चापट मारली. मग दुसरी. मग हात तिथंच राहिला. "बोल आता," मी म्हणाले.

"आवडतेस," तो म्हणाला. "फेसासकट."

दुसऱ्या दिवशी कचेरीसमोरून फौजेच्या गाड्या सुटल्या. पोरं हात हलवत होती, आया पिशव्यांतून चिकट भाताच्या पुड्या आत फेकत होत्या. माझी पुडी पेतच्या शेजारच्याने झेलली आणि खाल्लीसुद्धा. गाडी वळणाआड गेली आणि मला रडू फुटलं. अगदी भोकाड. मोर्चात डोळ्यात धूर गेला तेव्हाही एवढं पाणी आलं नव्हतं.

साइथोंग मावशीने मला जवळ ओढलं. तिच्या अंगाला माशाच्या कढीचा वास येत होता, आणि मला तो फार फार बरा वाटला.

"एक विचारू, पोरी?" ती म्हणाली. "लाल आली असती, दोन वर्षं लागली असती... तर खरंच थांबली नसतीस?"

मी नाक पुसलं. गाडी गेली होती, त्याला ऐकू जाण्याची काही भीती नव्हती.

"थांबले असते," मी म्हणाले. "पण त्याला सांगू नका हं."